सरकलेली ओळ

६ फेब्रुवारी

मामा,

काल तू फोन आपटलास तो माझ्या कानात अजून वाजतोय. मामीने बजावलंय की तुझं ब्लडप्रेशर वाढतं, तेव्हा यापुढे कामाचं काही विचारायचं असेल तर पत्राने विचार. ईमेल तू वाचत नाहीस. कॉम्प्युटर घरात ठेवत नाहीस. बत्तीस वर्षं प्रोग्रॅम लिहिलेल्या माणसाच्या घरात साधा कीबोर्ड नाही, हे ऑफिसात सांगितलं तर लोक हसले. तर हे घे पत्र. हाताने लिहायची सवय गेलीय, बोटं दुखतायत, आणि त्याचाही राग तुझ्यावरच आहे.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. ज्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीसाठी तू प्रोग्रॅम लिहिला होतास, त्याच हॉस्पिटलचं काम आमच्या कंपनीकडे आलंय. तुझा प्रोग्रॅम तिथे अजून चालतो. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाही, सगळं बटणांवर. सत्तावीस वर्षं. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही, कारण मूळ सोर्स कोड कुणाकडेच नाही. तुझ्याकडेही नाही म्हणतोस.

आता त्यांना काय हवंय ते ऐक. वॉर्डातल्या नर्सला रक्ताची पिशवी मागवायची तर आज ती चिठ्ठी घेऊन तीन मजले उतरते. त्याऐवजी तिने वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायचा, पेशंटच्या नावाच्या लिंकवर क्लिक करायचं, तिथून रक्तगटाच्या पानावर जायचं, तिथून मागणीच्या. या पानांच्या मागे चालणार तुझाच प्रोग्रॅम. मध्ये बसणार माझा एक दुभाष्या. नर्सने लिंक दाबली की तो तुझ्या प्रोग्रॅमची बटणं दाबतो, हिरवा पडदा वाचतो आणि त्याचं छान पान करून तिला दाखवतो.

ऐकायला सोपं आहे. करताना माझ्या नाकी नऊ आलेत. तुझा प्रोग्रॅम पडद्यामागून पडदा अशा एकाच वाटेने चालतो आणि आपण कुठे आहोत हे तोच लक्षात ठेवतो. वेबपानांना कसलीच आठवण नसते. माणूस मधूनच मागे जातो, खिडकी बंद करतो, दुसरी उघडतो. दोघांना एकत्र नांदवायचं म्हणजे रोजची भांडणं सोडवणं आहे.

पण माझा प्रश्न एकच आहे. मागणी पक्की होण्याआधी कधीकधी एक जादा पडदा येतो: "नोंदणी क्रमांक पूर्ण टाइप करा." शंभर मागण्यांत दोन-तीनदा येतो. का येतो, कळत नाही. माझा दुभाष्या तिथे जाऊन उभाच राहतो. हा पडदा कशासाठी आहे, आणि तो बंद कसा करायचा?

एवढंच सांग. फोन आपटू नकोस, म्हणजे पत्र फाडू नकोस.

तुझी भाची


१५ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहायला लावू नकोस.

तुमच्या साहेबांना आधी हे विचार की चालत्या प्रोग्रॅमला रंगीत पानांचा सोस कशाला. माझे पडदे कुरूप होते हे मला कोणी नव्याने सांगायला नको. पण त्यांच्यावर काम करणाऱ्या बायका पडद्याकडे न बघता बोटं चालवत. तुमच्या क्लिकमध्ये प्रत्येक वेळी डोळ्यांनी जागा शोधावी लागते. असो. माझं कोण ऐकतो.

तुझ्या उपयोगाचं लिहितो. पेशंटची यादी आडनावाने लागते. यादीत निवड होते ती ओळीच्या जागेवरून, म्हणजे निवडीची उजळ पट्टी सातव्या ओळीवर असेल तर सातवी ओळ. मागे जायचं बटण दोनदा दाबलं की प्रोग्रॅम मुख्य पडद्यावर येतो, तिथून सुरुवात केलीस तर चुकणार नाहीस. रक्तगट बदलता येत नाही, रद्द करून नव्याने लिहावा लागतो. तारखेत आधी दिवस. एका वेळी एकच माणूस बसणार असं धरून मी तो लिहिला. तुझ्या दुभाष्याच्या आडून दहा नर्सा एकदम बोलायला लागल्या तर तो कुणाचं ऐकेल ते मला सांगता येणार नाही, तेव्हा सांभाळ.

जादा पडद्याबद्दल. तो येतो तेव्हा येतो. त्याला येऊ दे. बंद करू नकोस.

तिथे रक्तपेढीत हल्ली कोण आहे? जुनं कुणी उरलंय का? लॅबमध्ये एक ताई होत्या, सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांचं नाव कधी कुणी काढतं का, सहज विचारतोय.

मामीचे गुडघे बरे आहेत. माझं ब्लडप्रेशर तुझ्या फोनमुळे वाढलेलं नव्हतं, ते आधीपासूनच तसं आहे.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

"येतो तेव्हा येतो" म्हणजे काय? हे उत्तर आहे? मी तुझ्या पत्राची नऊ दिवस वाट बघितली. ऑफिसात माझ्या टेबलावर साहेब दिवसातून दोनदा येऊन टेकतात आणि "मामा काय म्हणतात?" असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात. काय सांगू त्यांना?

बाकीचं तू नीट लिहिलंस, त्याबद्दल खरंच आभार. तारखेवरच माझे दोन दिवस गेले असते. पण नेमकं जिथे अडलंय तिथे तू तोंडाला कुलूप लावलंस.

शेवटी मीच मार्ग काढला. परवा दिवसभर तो जादा पडदा बघत बसले. वरच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, तुझा प्रोग्रॅम त्या वेळी ज्या पेशंटवर असतो त्याचा नोंदणी क्रमांक स्वतःच दाखवतो! म्हणजे विचारतोही तोच आणि उत्तरही तोच देतो. मी दुभाष्याला शिकवलं: हा पडदा आला की कोपऱ्यातला नंबर उचल आणि खाली टाइप कर. झालं काम. एका सेकंदाच्या आत पडदा येतो आणि जातो, नर्सला त्याचा पत्ताही लागत नाही. साहेबांनी पहिल्यांदाच "गुड" म्हटलं.

तुझ्या ताईंबद्दल विचारलं. लॅबमध्ये सगळे नवे आहेत, कुणाला माहीत नाही. कोण त्या?

पुढच्या महिन्यात दोन वॉर्डांत चाचणी सुरू होईल.

चिंगी (चौतीस वर्षांची. ऑफिसच्या पत्त्यावर तरी हे नाव लिहू नकोस. पाकीट रिसेप्शनवरून आलं, सगळ्यांनी वाचलं.)


१२ मार्च

चि. चिंगीस,

हे पत्र मामी लिहितेय. मला तुमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही, पण घरात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

तुझं पत्र आल्यापासून मामांचं लक्ष ठिकाणावर नाही. सकाळी लिहायला बसतात, पान भरतात, फाडतात. कचऱ्याच्या टोपलीत मला रोज चिंध्या सापडतात. एकदा जोडून बघावं असं मनात आलं, पण नाही बघितलं. काल जेवताना मी सरळ विचारलं, "पोरीने काय वाईट लिहिलंय?" तर म्हणाले, "तिने काही नाही." मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "तू लिही तिला. म्हणावं तो पडदा होता तसा परत लाव. माणसाने नंबर हाताने टाइप केला पाहिजे." का, ते विचारलं तर उठून गॅलरीत गेले.

एवढा निरोप. तू समजूतदार आहेस. त्यांच्याशी भांडू नकोस, पण त्यांचं ऐक.

मामी


२० मार्च

मामा,

मामीला मध्ये घालायची काय गरज होती?

चाचणी सोमवारी सुरू झाली. नर्सा खूश आहेत. एक म्हणाली, "मॅडम, दिवसाला साठ-सत्तर जिने वाचले." आणि मी आता साहेबांकडे जाऊन काय सांगू? माझ्या मामाच्या मनात आलंय म्हणून एक जादा पायरी परत लावते? कारण काय, तर मामा सांगत नाही? तेरा आकडी नंबर आहे तो. हातात सलाइन, बाजूला नातेवाईक ओरडतायत, अशा वेळी तिने तेरा आकडे टाइप करायचे?

खरं सांगू? मला वाटतं तुला हे सहन होत नाहीये. तुझे पडदे आता कुणाला दिसत नाहीत, माझी पानं दिसतात. त्यातला एक तरी पडदा शिल्लक राहावा, कुणीतरी त्याच्यापाशी अडावं आणि तुझी आठवण काढावी, असं तुला वाटत असेल. मी समजू शकते. पण त्यापायी मला खुळ्यात काढू नकोस. कारण असेल तर लिही. नसेल तर हा विषय संपला.

हे पत्र टाकू की नको असा विचार करतेय. टाकते.

चिंगी


२ एप्रिल

मामा,

तुझं उत्तर आलेलं नाही आणि ते का आलं नाही हे मला कळतंय. तरीही लिहितेय, कारण हे बोलायला दुसरं कुणी नाही.

परवा दुपारी स्त्रियांच्या वॉर्डात एका पेशंटसाठी रक्त मागवलं. त्याच वॉर्डात दुसरी एक पेशंट आहे, नाव तेच, आडनाव तेच. एक सातव्या खाटेवर, एक एकोणिसाव्या. गट वेगळे. नर्स नवीन आहे, सहा महिन्यांच्या करारावर. तिने आधी सातव्या खाटेचं पान उघडलं, पिशवी मागवायची होती ती हिच्यासाठीच. मग एकोणिसाव्या खाटेच्या बाईंचा रिपोर्ट बघायला तिच्या नावावर क्लिक केलं. रिपोर्ट बघितला. मग ब्राउझरचं बॅक बटण दाबत दाबत परत सातव्या खाटेच्या पानावर आली, आणि "मागणी पाठवा" दाबलं.

तिच्यासमोर पान सातव्या खाटेचं होतं. तुझा प्रोग्रॅम मात्र एकोणिसाव्या खाटेवरच उभा होता. बॅक दाबलं ते ब्राउझरने स्वतःच जुनं पान काढून दाखवलं, मागे कुणाला काही कळवलंच नाही. मागणी गेली एकोणिसाव्या खाटेच्या नावावर. नाव तेच, त्यामुळे लॅबमध्ये कुणाला काही खटकलं नाही. पिशवी सातव्या खाटेपाशी आली. स्टँडला लावली.

त्या वॉर्डात एक मोठ्या सिस्टर आहेत, निवृत्तीला आलेल्या. त्यांना सवय आहे, पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचायचा आणि पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्यावरचा नंबर दुसरीने मोठ्याने वाचायचा. शेवटचे चार आकडे जुळेनात. त्यांनी पिशवी काढून घेतली. एक थेंबही गेला नव्हता.

मी दिवसभर नोंदी बघितल्या. मामा, तुझा जादा पडदा आला होता. त्या मागणीच्या वेळी बरोब्बर आला होता. नंबर विचारला होता. आणि माझ्या दुभाष्याने कोपऱ्यातला नंबर उचलून लावला. तिथे नर्सने पट्टा बघून हाताने नंबर टाइप केला असता तर प्रोग्रॅमने "नाही" म्हटलं असतं. एकाच नावाचे दोन पेशंट असले की तो पडदा येतो, हे मला आज कळतंय. तू हे एका ओळीत लिहू शकला असतास. का नाही लिहिलंस? मला तुझा प्रचंड राग आलाय. आणि त्याहून जास्त माझा.

अकरा तारखेला चौकशीची बैठक आहे. साहेबांनी अहवाल तयार केलाय: वापरकर्त्याची चूक. नोंदीत नर्सचं नाव आहे, तिच्या पासवर्डने मागणी गेलीय. "बॅक दाबू नये असं सूचनापत्रात पान नऊवर छापलंय," असं ते म्हणतात. पान नऊ कोण वाचतं? त्यावर तांत्रिक बाजू म्हणून माझी सही हवीय. मी म्हटलं, विचार करते. ते म्हणाले, "विचार कसला? कुणाला काही झालेलं नाही. फार तर तिचा करार वाढणार नाही. आपलं अख्खं काम जाईल त्यापेक्षा बरं." खोटं त्यात काही नाहीच, मामा. बॅक तिनेच दाबलं. प्रत्येक वाक्य खरं आहे.

ती मुलगी काल जिन्यात भेटली. म्हणाली, "मॅडम, मी सातच नंबरवर दाबलं होतं. मला आठवतंय. की मलाच तसं वाटतंय?"

तू असतास तर काय केलं असतंस?

चिंगी


५ एप्रिल

चिंगे,

हे कुरिअरने पाठवतोय, अकराच्या आत पोचावं म्हणून. या वेळी फाडणार नाही, मामीला समोर बसवून लिहितोय.

मी असतो तर काय केलं असतं, असं विचारतेस. मी होतो. आणि काय केलं ते सांगतो.

प्रोग्रॅम लागून तिसरं वर्ष होतं. तेव्हा मागण्या लॅबमध्येच नोंदवत आणि ते काम ताई करत. त्यांच्याइतकं नीट काम करणारं माणूस मी पाहिलं नाही. पडदा कसा असावा हे मला त्यांनीच शिकवलं. एके दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला एका पेशंटची मागणी त्याच नावाच्या दुसऱ्या पेशंटवर गेली. तुझ्यासारखंच. फक्त तिथे नंबर मोठ्याने वाचणारं कुणी नव्हतं. रक्त चढलं. ती बाई अकरा दिवस आयसीयूत होती. वाचली, पण तिची मूत्रपिंडं गेली.

नोंदीत ताईंचं नाव होतं. दुसऱ्याच दिवशी चौकशी झाली. त्या सारख्या म्हणत होत्या, "मी पट्टी बरोबर ओळीवर नेली होती." मला बोलावलं. मी नोंद वाचून दाखवली. नोंदीत जे होतं ते खरंच होतं. शेवटी त्यांनी लिहून दिलं, "माझ्या हातून चूक झाली असावी." त्यांना काढलं.

तीन दिवसांनी मला ते सापडलं. ताईंनी पट्टी योग्य बाईच्या ओळीवर नेली, त्याच मिनिटाला बाहेर काउंटरवर एका नव्या पेशंटचं नाव दाखल झालं. ते यादीत वर कुठेतरी बसलं, खालची सगळी नावं एक एक ओळ खाली सरकली. पट्टी मात्र होती तिथेच राहिली. त्या ओळीवर आता वरचं नाव आलं होतं. आणि वरचं नाव तेच होतं, म्हणून त्यांना काही बदललेलं दिसलं नाही. त्यांनी बटण दाबलं. हात त्यांचा बरोबर होता. यादी सरकली होती. यादी मी लिहिली होती.

मी त्याच दिवशी यादी दुरुस्त केली. आणि हा जादा पडदा लावला. कुणाला सांगितलं नाही. आणखी चार हॉस्पिटलं तो प्रोग्रॅम घेणार होती. म्हटलं, ते पक्कं होऊ दे, पुढच्या आठवड्यात सांगू. पुढच्या आठवड्यात म्हटलं, आता सांगून त्यांना परत थोडंच घेणार आहेत. मग वर्ष झालं. मग मी त्या बाजूच्या रस्त्याने जायचं सोडलं. सोर्स कोडच्या फ्लॉपी मीच मोडून टाकल्या, कारण त्यात दुरुस्तीची तारीख होती.

तू विचारलंस तो पडदा का येतो, तेव्हा मला वाटलं एका ओळीत सांगता येईल. पण ती ओळ लिहिली की पुढची लिहावी लागत होती. म्हणून "येतो तेव्हा येतो." माझ्या त्या उत्तरामुळे एका पेशंटचा जीव जाता जाता राहिला. तुझी शंका होती की माझं नाव राहावं म्हणून मी धडपडतोय. मला तर त्या प्रोग्रॅमवर माझं नाव कुठे उरलं असेल तर पुसायचं होतं.

सही करायची की नाही ते मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. पण त्या मुलीला "मलाच तसं वाटतंय का" असं वाटत राहायला नको. एवढं कर.

मामीने हे सगळं आत्ता पहिल्यांदा ऐकलं. ती उठून आत गेली.

मामा


१३ एप्रिल

मामा,

तुझं पत्र नऊला मिळालं. बैठक झाली. सांगते.

मी सही केली नाही. साहेबांना आदल्या दिवशी सांगितलं, त्यांनी दार लावून तासभर मला समजावलं, मग घाबरवलं, मग म्हणाले, "ठीक आहे, तू बोलू नकोस, मी सांभाळतो." मी म्हटलं, बघू.

बैठकीला मुख्य डॉक्टर, साहेब, मोठ्या सिस्टर आणि ती नर्स. तिची खुर्ची दाराजवळ ठेवली होती, बाकीच्यांपासून लांब. साहेबांनी अहवाल वाचला. मुख्य डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?" ती म्हणाली, "नाही सर."

मग मी लॅपटॉप उघडला. त्यात एकाच नावाचे दोन खोटे पेशंट घालून ठेवले होते. म्हटलं, "सर, पाच मिनिटं द्या. हा पहिला पेशंट, याला पिशवी मागवायचीय. याचं पान उघडा." त्यांनी उघडलं. "आता दुसऱ्याचा रिपोर्ट बघा." बघितला. "आता परत पहिल्याकडे या." सर काय करणार? त्यांनी बॅक दाबलं. सगळे तेच करतात. "मागणी पाठवा." पाठवली. मग मी मागचा हिरवा पडदा उघडून दाखवला. पिशवी दुसऱ्याच्या नावावर गेली होती.

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "मी तर पहिल्याच्याच पानावर होतो."

"हो सर. तुम्ही बरोबरच होतात. यासुद्धा बरोबरच होत्या. पान एकीकडे आणि मागचा प्रोग्रॅम दुसरीकडे, ही चूक माझी आहे. आणि हे पकडायला एक पडदा होता, तो काढू नकोस असं मला सांगितलेलं असताना मी काढला."

साहेब म्हणाले, "म्हणजे तिला म्हणायचंय..." सर म्हणाले, "ती काय म्हणतेय ते मला कळलंय."

तर. नर्सवरचं किटाळ गेलं, तिचा करार राहिला. पण तुला वाटेल तसं छान काही झालं नाही. काम थांबवलं. दोन महिन्यांची पानं एका दिवसात बंद. नर्सा परत चिठ्ठ्या घेऊन जिने उतरतायत आणि मला बघितलं की तोंड फिरवतात. मला या कामावरून काढून एका शाळेच्या वेळापत्रकावर बसवलंय. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. नर्सही आभार वगैरे मानायला आली नाही. बैठकीनंतर जिन्यात फक्त म्हणाली, "नऊ दिवस तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती खाली निघून गेली. बरोबर आहे तिचं.

उपाय मला माहीत आहे, त्यामुळे जास्तच चडफडाट होतो. प्रत्येक पानाने आपल्या पेशंटचा नंबर बरोबर घेऊन यायचा, दुभाष्याने दर मागणीला मुख्य पडद्यापासून सुरुवात करायची, तू लिहिलं होतंस तसं, आणि एकाच नावाचे दोन असले की नर्सने पट्टा बघून हाताने टाइप करायचं. आठ दिवसांचं काम आहे. लिहून दिलंय. कुणी वाचलेलं नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. त्या फ्लॉपींचं वाचलं तेव्हा मी पत्र खाली ठेवून बाहेर फिरून आले. तू मला सायकल शिकवलीस, पहिला प्रोग्रॅम शिकवलास, आणि हे तूच केलंस, हे मला अजून एकत्र धरता येत नाही. पण तू लिहिलं नसतंस तर मी सही केली असती. हेही खरं आहे आणि तेही मला आवडत नाही.

मोठ्या सिस्टरांना ताई आठवतात. त्या तेव्हा नव्या होत्या. नंबर मोठ्याने वाचायची सवय त्यांना त्या प्रकारानंतरच लागली. ताईंशी त्यांचं अजून येणंजाणं आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मी काही सांगत नाही. पत्ता आहे, एवढंच.

चिंगी


२७ एप्रिल

चिंगे,

पत्ता आठ दिवस टेबलावर होता. मामी अजून फार बोलत नाही, पण काल सकाळी तिने माझे बूट दाराशी काढून ठेवले. मी गेलो.

झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला. ताईंनी दार उघडलं. केस सगळे पांढरे झालेत, पण मी ओळखलं. त्यांनीही ओळखलं. "प्रोग्रॅमवाले," म्हणाल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

मी दारातच सांगितलं. तोंडाने नीट जमेना म्हणून बरोबर कागद नेला होता, त्यावर यादी काढली होती. आधीची आणि सरकल्यानंतरची. पट्टी कुठे होती ते लाल शाईने. त्यांनी चष्मा आणला, कागद उंबऱ्यावरच हातात धरून बघितला. बराच वेळ. मग बोट ठेवून विचारलं, "ही माझी ओळ?"

"हो."

"आणि मी हिच्यावरच होते?"

"हिच्यावरच होतात."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तीन दिवसांनी."

चिंगे, मला वाटलं दार लावतील. किंवा कानाखाली वाजवतील, ते तरी बरं झालं असतं. त्या तिथेच, दारातल्या चपलांच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "चोवीस वर्षं मी घरात सुरीसुद्धा दोनदा बघून उचलते. मुलीला लॅबचा कोर्स करायचा होता. मी करू दिला नाही. म्हटलं, आपल्या हाताला ते काम नाही." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते राहू द्या." चिडून नाही, पण राहू द्या असंच.

मग त्यांनी आत हाक मारली. मुलगी आली, तिशीची असेल. तिला म्हणाल्या, "हे काय सांगतात ते ऐक." आणि मला म्हणाल्या, "सांगा. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. कागदासकट. मुलगी एकदाही माझ्याकडे बघत नव्हती, आईकडेच बघत होती. संपल्यावर ताई उठल्या, समोरच्या घराची घंटा वाजवली आणि शेजारणीला बोलावलं. "सांगा." मग खालचा दुकानदार वर आला. त्याला ताईंनी खाटेवर बसवलं, तेव्हा कुठे मी आत गेलो. पाणीही कुणी विचारलं नाही आणि मी मागितलं नाही. एकूण चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी दुकानदाराने विचारलं, "म्हणजे ताईंची काहीच चूक नव्हती?" मी म्हटलं, "काहीच नव्हती." तर ताई म्हणाल्या, "परत म्हणा." मी परत म्हटलं.

आज सकाळी हॉस्पिटलला सगळं लेखी दिलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, पंधरा वर्षांहून जुने कागद नष्ट केलेत, अर्ज कुठल्या फायलीला लावू? मी म्हटलं, नवी काढ. तो नाही म्हणाला. उद्या-परवा परत जाईन, आणि त्याच्या साहेबांपुढे ठाण मांडून बसेन.

पण उद्या सकाळी वेळ नाही. निघताना ताई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "परवा माझी धाकटी बहीण येतेय. ती मला तेव्हा खूप बोलली होती. तुम्ही अकराला या."

मामीने शर्ट इस्त्रीला टाकलाय. कागद चुरगळला होता, तो मी आत्ता नवा काढतोय.

मामा